एकसष्टावा मैल

रविवार, १८ जानेवारी १९५९. सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी सिलिंडर निघाले.

सहा दिवस ते निघत नव्हते. सोमवारी पोलिसांचा ट्रक चांद्याच्या जटपुरा दरवाज्याच्या आत, दुकानासमोर येऊन थांबला. दोन शिपायांनी स्कूटर दोराने खाली उतरवली. मुखरू जमादार पावती पुढे करीत म्हणाला, ‘‘घे बाबा मिस्त्री, तुही लाडी. सात महिने सांभाळली आमी. माहेरपण झालं तिचं.’’ मग त्याला आपण काय बोललो ते कळले असावे. त्याने टोपी काढली, आतली पट्टी पुसली आणि पुन्हा घातली. नूरुद्दीनने सही केली. तेव्हापासून रोज दोन वेळा तो घट्ट बसलेल्या पिस्टनवर चमचाभर रॉकेल सोडत होता, वर सागाचा ठोकळा धरून हातोडीने हलके ठोके देत होता, आणि पिस्टन हलला नाही की त्याला सुटल्यासारखे वाटत होते. आज ठोकळ्याखाली काहीतरी केसभर सरकले. त्याने सिलिंडर दोन्ही हातांत धरले, डावीकडे उजवीकडे हलवले, आणि ते चार दांड्यांवरून वर आले. जड, थंड आणि रॉकेलने ओलसर. तो ते मांडीवर घेऊन बसला. आत पाहिले नाही. दुकान आणि घर यांच्यामधल्या दारावर किरमिजी पडदा होता. त्याच्यामागे कात्रीचा आवाज चालू होता. पत्र्याच्या मापावर तेंदूचे पान ठेवायचे, चारी बाजूंनी कापायचे, बाजूला टाकायचे. भावजय जमीला विड्या वळत होती. तिच्या कात्रीला एक ठेका होता आणि तो ठेका या क्षणी थांबला होता.

‘‘निघालं काय, भाईजान?’’

‘‘निघालं.’’

आत पाहिल्यावर दोनपैकी एक गोष्ट दिसणार होती. सात महिन्यांत त्याने ती इतक्या वेळा तपासली होती की आता तिच्यात विचार करण्यासारखे काही उरले नव्हते. सिलिंडरच्या भिंतीवर फक्त गंज असेल, तर धाकटा भाऊ कय्यूम नाहीसा झाला त्या दिवशी इंजिन धडधाकट होते. पाणी नंतर शिरले, ठाण्याच्या आवारात, पावसाळ्यात. म्हणजे कय्यूमने चालती गाडी झाडाखाली लावली आणि आपल्या पायांनी निघून गेला. बायकोला सोडून, भावाला सोडून. म्हणजे तो जिवंत आहे. आणि भिंतीवर उभे चरे असतील, पिस्टनचा चंदेरी धातू वितळून लोखंडाला चिकटलेला असेल, तर इंजिन तापून धरले, पिस्टन आत अडकला. जंगलात, मे महिन्यात, एकट्या माणसाला धरले. आणि ते इंजिन नूरुद्दीनने बांधले होते.

त्याने सिलिंडर दाराच्या उजेडाकडे वळवले. वरच्या बाजूला गंजाचे तपकिरी वर्तुळ होते. त्याच्याखाली, धूर बाहेर जाण्याच्या झरोक्याच्या दोन्ही अंगांना, चार बोटे लांबीचे उभे चरे होते. चंदेरी.

‘‘काय हाय मंग?’’

‘‘गंज,’’ नूरुद्दीन म्हणाला. तेही खरे होते.

तेरा मे, मंगळवार. तेव्हाही नूरुद्दीन हेच काम करीत होता, याच पाटावर बसून. फरक एवढाच की कय्यूम समोर उकिडवा बसून बोलत होता. कय्यूम त्याच्याहून बारा वर्षांनी लहान. लाकडाच्या ठेकेदाराकडे कामाला. आलापल्लीच्या कूपात, जंगलतोडीच्या पट्ट्यात, सागाचे किती नग पडले, किती निघाले, त्याच्या चिठ्ठ्या चांद्याच्या डेपोत आणायच्या. कानावर निळी पेन्सिल. स्कूटर बल्लारपूरच्या खाणीतल्या एका साहेबाने जाताना विकलेली. ‘‘भाई, चढावर ही म्हातारीवानी कण्हते. आष्टीच्या रेतीत तं मीच तिले खांद्यावर घेतो. लोक हासतात. म्हणतात, कय्यूम, कोण कोनावर बसलं रे?’’ म्हणून त्याने मुंबईहून पार्सलने मोठे सिलिंडर मागवले होते. मूळ कारखान्याचे नव्हे, बाहेर कुठेतरी घडवलेले. सिलिंडर, पिस्टन, दोन रिंगा, पिन, पातळ गॅस्केट. एका लाकडी खोक्यात, भुशात. सोबत एक कागद होता, त्यावरचे चित्र दोघांनी पाहिले आणि कागद पुन्हा भुशात ठेवला. एकाच मापाची दोन खोकी मागवली होती, कारण कय्यूम कोणतीही गोष्ट एक मागवत नसे. दुसरे खोके फळीवर राहिले. आज ते खाली आले होते.

गाडी पुन्हा चालू करायची हे जमीलाने ठरवले होते. गाडी आल्याच्या दुसऱ्या दिवशी पडद्यामागून म्हणाली, ‘‘दारासमोर उभी गाडी मय्यतीवानी दिसते. चालू करा अन् तिथी जा. पोलिसायनं दोन दिवस पाह्यलं. दोन दिवसांत काय दिसते जंगलात? बस तिथी थांबत नाई. तुमी जा, झाडापासून पुढं पाहा. गावं असतीन, लोक असतीन. इचारा.’’ लग्नाला तीन वर्षे झाली होती, आणि इतके लांब बोलणे ती त्याच्याशी कधी बोलली नव्हती. धाकट्या भावाची बायको जेठासमोर येत नाही. तिच्या हाताखेरीज तिचे काही त्याने धड पाहिले नव्हते. चहाचा कप पडद्याखालून येई, रिकामा परत जाई. काही हवे असेल तर तो मागे आणि ते पडद्याखालून सरके. सांडशी, सुई, फडके. पान.

पानाची गोष्ट साधी होती. रिंग म्हणजे पूर्ण कडे नसते, एका ठिकाणी तोंड उघडे असते. गरम झाली की रिंग वाढते, आणि वाढायला त्या तोंडाशी जागा लागते. जागा जास्त ठेवली तर जोर निसटतो, कमी ठेवली तर टोकाला टोक भिडते आणि रिंग भिंतीत रुतते. जागा मोजायच्या पोलादी पात्या खाणीच्या वर्कशॉपात होत्या. नूरुद्दीनकडे नव्हत्या. ठेकेदारांच्या ट्रकांवर काम करताना तो उस्तादाकडून शिकला होता, की तेंदूचे चांगले वाळलेले पान हीच पाती. रिंग नुसती सिलिंडरात घालायची, तोंडात पान धरायचे. पान न मोडता, न अडता गेले की जागा बरोबर. नाही गेले तर कानस. वीस वर्षांत एकही इंजिन परत आले नव्हते. लोक हसत, म्हणत, नूरुद्दीन मिस्त्री इंजिनाले विडी पाजते. तो आपली पाने एका डबीत ठेवी. तेरा मेला डबी उघडली तर पानांचा चुरा झाला होता. वैशाख होता. दुपारचे साडेतीन वाजले होते. कय्यूमला पहाटे निघायचे होते. त्याने पडद्याकडे न पाहता हात मागे केला. ‘‘एक पान दे वं, बेटा.’’

पान आले. त्याने ते रिंगेच्या तोंडात धरले. ते गेले. कानस लावावीच लागली नाही.

पान बोटांना गार लागले होते. हे त्याला पहिल्यापासून माहीत होते. नंतर आठवले असे म्हणायची सोय नव्हती. बाहेर लोखंडाला हात लावता येत नव्हता आणि हे पान गार होते, आणि त्याला बरे वाटले होते. एवढेच. विड्या वळणाऱ्या बायका पाने आदल्या दिवशी भिजवतात, ओल्या पोत्यात बांधून ठेवतात, म्हणजे ती वळताना फाटत नाहीत. चांद्यात हे लहान मुलालाही ठाऊक. ओले पान कापडासारखे असते. दाबले की दबते, अरुंद फटीतूनही जाते. त्याने गारवा ओळखला आणि त्याचा अर्थ लावला नाही.

‘‘गंजानं गाडी थांबते काय, भाईजान?’’ पडद्यामागून आवाज आला. ‘‘चालती गाडी?’’

‘‘नाई. गंज मंग लागला. ठाण्यात.’’

‘‘म्हणजे तवा चांगली होती.’’

‘‘हो.’’

कात्री पुन्हा सुरू झाली नाही. नूरुद्दीनने पिस्टनवरून वरची रिंग सोडवायला घेतली. पातळ पत्र्याची पट्टी तिच्याखाली सरकवत, नखानखाने. त्याला वाटत होते की आपण तिला एक चांगली गोष्ट दिली आहे. दसऱ्याच्या सुमाराला विडी कारखान्यातली भागीरथा माल न्यायला आली होती, तेव्हाचे बोलणे त्याने दुकानात बसून ऐकले होते. ‘‘जमीला, राग नको मानू बाई. लोक म्हणतात, तुह्या नवऱ्यानं सिरोंच्याले तेलंगीण ठेवली. गोदावरीच्या पल्याड घर केलं म्हणतात.’’ मग जमीला म्हणाली होती, ‘‘असन तं असन. जित्ते तं असतीन.’’ गठ्ठे मोजायचे सोडून भागीरथा तशीच गेली. ते वाक्य नूरुद्दीनजवळ राहिले होते. आज त्याने त्या तेलंगिणीला एका शब्दाने खरे केले होते. आता जमीला रागावू शकेल. रागावलेला माणूस जेवतो, भांडतो, म्हातारा होतो. त्याला स्वतःला ते जमले नव्हते, कारण त्याने दुसरा आधार धरला होता. सात महिने जो विचारेल त्याला तो एकच सांगत आला होता. ‘‘म्या त्याले सांगतलं होतं. नवं सिलिंडर हाय, पहिले तीनशे मैल वीसच्या वर काटा नाई जाऊ द्यायचा, दर दहा मैलाले थांबायचं, इंजिन थंड होऊ द्यायचं. पन तो कय्यूम. तो कोनाचं आयकते?’’ लोक मान हलवीत. कय्यूम कोणाचे ऐकत नसे हे सगळ्या मोहल्ल्याला माहीत होते. शाळेचे ऐकले नाही, अब्बांचे ऐकले नाही, पेट्रोलची चावी बंद करायला शंभरदा सांगितले तरी कधी केली नाही. गाडी आत आणली की थेंब थेंब पेट्रोल अंगणात, आणि वासावरून जमीला उठे आणि जाऊन चावी फिरवी. असला माणूस वीसच्या काट्यावर चालवील काय? तो पळाला असेल. चाळीस, पंचेचाळीस. मग कोणतेही इंजिन धरेल, पान ओले असो की कोरडे. या विचारावर तो कामाला जात होता, जेवत होता. या विचारावर त्याने दोन ट्रक उघडून बांधले होते.

वरची रिंग अखंड निघाली. खालची तुटली. वरच्या रिंगेची दोन्ही टोके त्याने फडक्याने पुसली आणि उजेडात धरली. ती चकचकीत होती. टोकाला टोक घासल्याशिवाय तशी चकाकी येत नाही. ठीक आहे, तो मनात म्हणाला. पळवली तर येणारच.

नवे खोके त्याने साडेअकराला उघडले. भुशाला अजून मे महिन्याचा वास होता. पिस्टनच्या माथ्यावरचा बाण धुराच्या झरोक्याकडे, पिन तेल लावून आत, पिनेच्या दोन्ही टोकांना तारेच्या कड्या, त्या बसल्याचा टिक असा आवाज. जुने गॅस्केट ब्लेडने खरवडून काढताना खाली चिंधी कोंबली, कण आत पडू नये म्हणून. तेव्हाही असेच केले होते. हातांना काही फरक कळत नव्हता. मग त्याच्या कामाची जी रीत होती, ती पाळायची वेळ आली. नवे सिलिंडर चढवण्याआधी काट्यावरचा मैलांचा आकडा हत्यारांच्या कप्प्याच्या झाकणाला आतून पांढऱ्या रंगाने लिहायचा. आकडा आधी, नट नंतर. तेरा मेचा आकडा त्याला पाठ होता, ६२१२. काट्यावर आज ६२७३ होते. वजाबाकी त्याने सोमवारीच केली होती. एकसष्ट मैल, आणि पोलिसांनी स्कूटर ज्या झाडाखाली पाहिली ते झाडही चांद्यापासून एकसष्टाव्या मैलात, आष्टी ओलांडून, आलापल्लीच्या अलीकडे. त्यात नवीन काही नव्हते. कप्प्यावर मात्र ठाण्याची लाख आणि सुतळी तशीच होती. सहा दिवस त्याने ती तोडली नव्हती. का, हे त्याने स्वतःला विचारले नव्हते. आता त्याने ती पकडीने तोडली आणि झाकण उघडले.

६२१२ च्या खाली निळ्या पेन्सिलीच्या रेघा होत्या. लाकडाचे नग मोजताना कय्यूम ओढत असे तशा. चार उभ्या, त्यांच्यावरून पाचवी आडवी, आणि शेजारी एक सुटी. सहा.

नूरुद्दीन त्या रेघांकडे पाहत राहिला. दहा मैल, वीस, तीस, चाळीस, पन्नास, साठ. प्रत्येक ठिकाणी तो उतरला होता. गाडी सावलीत लावली असेल. सहाव्या रेघेच्या वेळी तर वैनगंगेची रेती मागे पडलेली, पुढे सपाट रस्ता, कूप दहा मैलांवर, उशीर झालेला. तरी तो उतरला. कानावरची पेन्सिल काढली, झाकण उघडले, रेघ ओढली. कोणी पाहत नव्हते. भाईला परत आल्यावर दाखवायचे असेल. बघा भाई, तुमचं आयकलं. एकदाचं आयकलं. आणि त्यानंतर एक मैल. त्या एका मैलात टोकाला टोक भिडले. मागचे चाक घसटत थांबले असेल, किक खाली गेली नसेल, आणि कय्यूमने वाट पाहिली असेल, कारण सांगितले होते, इंजिन थंड होऊ द्यायचे. किती वाट पाहिली असेल? त्याच्याजवळ पाणी किती होते? जंगलाच्या त्या पट्ट्यात मे महिन्यात नाले कोरडे असतात. हे सर्व प्रश्न जुने होते आणि त्यांच्यावर आजवर एक झाकण होते. नूरुद्दीनने रंगाची डबी उघडली, काडी बुडवली. ६२७३ लिहिताना रेघांवर रंग जाणार नाही अशी जागा शोधावी लागली.

पान राहिले होते. त्याने आपली डबी घेतली. मेनंतर तो पाने बाजारातून स्वतः निवडून आणत होता, कौलावर वाळवत होता, कापसात ठेवत होता. डबीचे झाकण फिरवत असताना पडदा खालून हलला आणि पान आले. घडी केलेल्या वर्तमानपत्रात, सपाट, न मागता.

‘‘कोरडं हाय,’’ जमीला म्हणाली.

तो हलला नाही.

‘‘म्या मागितलं नाई, बेटा.’’

‘‘नाई मागितलं. मेपासून एकदाई नाई मागितलं. सुई मागता, फडकं मागता, चहा मागता. पान मागनं सोडलं.’’ पडद्यामागे ती उठल्याचा आवाज झाला. ‘‘तवाच समजलं मले.’’

पडदा बाजूला झाला आणि ती दुकानात आली. डोक्यावर ओढणी होती, चेहरा उघडा होता. नूरुद्दीनने सवयीने मान खाली घातली. तिला पाहण्याची तयारी त्याच्याजवळ नव्हती. त्याला तिचे पाय दिसले, पाटासमोर थांबलेले, आणि मग ती कय्यूम बसत असे तिथे उकिडवी बसली तेव्हा हात दिसले. अंगठा आणि पहिले बोट तेंदूने काळपट झालेले. तिने जुने सिलिंडर स्वतः उचलले. आतल्या चऱ्यांवरून बोट फिरवले. हे गंज नव्हे हे कळायला मिस्त्री असावे लागत नाही, बोट अडखळते.

‘‘दाखवा,’’ ती म्हणाली.

‘‘काय दाखवू?’’

‘‘कसं मोजता ते. जुनी रिंग हाय नं? दाखवा.’’

तो नाही म्हणू शकला असता. त्याने जुनी वरची रिंग घेतली, सिलिंडरच्या खालच्या भागात, जिथे चरे नव्हते, तिथे बोटाने समतल बसवली. तोंडाची फट दाराकडे धरली. जमीलाने कागदातून पान काढले. वाळून खडखडीत झालेले, शिरा उठलेले. तिने ते फटीत धरले. गेले नाही. तिने जरा रेटले. पानाची कड मोडली आणि तुकडा त्याच्या मांडीवर पडला.

ती उठून आत गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात दुसरे पान होते, पोत्यातले, मऊ, बोटांत लवणारे. तिने ते फटीत धरले. ते गेले. कापडासारखे, न अडता. दुसऱ्या बाजूने तिने ते ओढून काढले आणि पुन्हा घातले. पुन्हा गेले.

‘‘बेटा,’’ नूरुद्दीन म्हणाला. ‘‘पान देणाऱ्याचं काई नसते. पाह्यचं काम मिस्त्रीचं असते. मले ते गार लागलं होतं. म्या हातात घेतलं होतं.’’

‘‘तुमाले गार लागलं,’’ ती म्हणाली. ‘‘मले तं मालूम होतं ते ओलं हाय. म्या म्हटलं, पान ते पान. कोरडं काढाले उठा लागत होतं.’’ तिचा आवाज रोजच्यासारखाच होता. ‘‘तीन पावलं.’’

बाहेरून एक बैलबंडी गेली. तिच्या चाकांचा आवाज दरवाज्याच्या कमानीखाली घुमला आणि पलीकडे गेल्यावर बारीक झाला. नूरुद्दीनने हत्यारांच्या कप्प्याचे झाकण उघडून तिच्याकडे वळवले. सहा रेघा. तो काय ते सांगणार होता, पण तिला लाकूड मोजायची रीत माहीत होती. रात्री जेवताना कय्यूम भाताच्या ताटात बोटाने तशाच रेघा ओढून दिवसाचा हिशेब तिला सांगत असे. ती पाहत राहिली. मग तिने ओढणीचे टोक तोंडात कोंबले आणि तिच्या खांद्यांना जे व्हायचे ते होऊ लागले, आवाजाशिवाय. नूरुद्दीनला तिच्या डोक्यावर हात ठेवता आला असता. अब्बा असते तर त्यांनी ठेवला असता. त्याचे हात तेलाचे होते. त्याने ते फडक्याने पुसले, पुसतच राहिला, आणि तोवर ती शांत झाली.

‘‘बांधा,’’ ती म्हणाली.

नव्या रिंगेचे तोंडही अरुंद निघाले. त्याने कानस घेतली. तीन हात, पान, अडले. दोन हात, पान, अडले. कोरडे पान जमीलाने धरले होते. पाचव्या वेळी ते न मोडता गेले. दुसऱ्या रिंगेला चार वेळा लागले. मग रिंगा पिस्टनच्या खाचांत, तोंडे खाचांतल्या बारीक खिळ्यांवर, सिलिंडरला आतून तेलाचा हात. पिस्टनवर सिलिंडर उतरवताना रिंगा दोन्ही बाजूंनी दाबून धरायला दुसरा माणूस लागतो. तेरा मेला कय्यूमने धरल्या होत्या आणि बोट चिमटले म्हणून भावाला शिवी दिली होती. जमीलाने धरल्या. सिलिंडर उतरले. हेड, चार नट, तिरके तिरके आवळत. कार्बोरेटर साफ करून बसवला, पेट्रोलची नळी जोडली. जुने पेट्रोल काढून टाकीत नवे घातले, तेल मोजून घातले, गाडी हलवून मिसळले. चार वाजून पंचवीस मिनिटांनी सहाव्या किकला इंजिन सुरू झाले. निळा धूर दुकानात भरला. शेजारचा चांभार दारात येऊन पाहून गेला. त्याने गाडीकडे पाहिले, मग पडद्याच्या अलीकडे उभ्या असलेल्या जमीलाकडे, आणि परतला. नूरुद्दीनने कान लावून ऐकले. आवाज स्वच्छ होता. दोन मिनिटांनी त्याने इंजिन बंद केले.

‘‘उद्या सहाले निघतो,’’ तो म्हणाला. ‘‘दर दहा मैलाले थांबत.’’

जमीला गाडीजवळ गेली. वाकली, सीटखाली हात घातला आणि पेट्रोलची चावी फिरवून बंद केली. हात तिथेच राहिला.

‘‘भाईजान,’’ ती म्हणाली, ‘‘ते तं कधीच बंद नाई करत. तिथी ही कोनं बंद केली होती?’’

पंचनामा नूरुद्दीनच्या खिशात होता. सोमवारी पावतीबरोबर मिळालेली नक्कल, त्याने तेव्हाच पडद्याजवळ बसून मोठ्याने वाचलेली. त्याने ती उघडली नाही. एकोणीस मे, सकाळी अकरा; एकसष्टावा मैल; रस्त्यापासून चाळीस पावलांवर सागाच्या झाडाखाली स्कूटर, स्टँडवर उभी. आजूबाजूला झटापटीची खूण नाही. रक्त नाही. कपडे, चिठ्ठ्यांची थैली, पाण्याची बाटली मिळाली नाही. त्यानंतरच्या ओळीत लिहिले आहे: टाकीत पेट्रोल अंदाजे अर्धे. चावी बंद.